पुणे ते सासवड : पालखी सोहळ्यातील एका दिवसाच्या वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दरवर्षी जून महिन्याच्या सुमारास महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल सुरू असते, त्याच दिवसांत ग्रामीण भागातील काही विद्यार्थी वर्गात दिसेनासे होतात. चौकशी केली असता ते घरच्या मंडळींबरोबर वारीला गेल्याचे समजते. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होते आणि आपण भक्ती चळवळीचा घटक शिकवू लागतो. संतांचा काळ, ग्रंथरचना व सामाजिक कार्य या ठरलेल्या तीन मुद्द्यांत तो घटक आटोपतो. ज्या परंपरेविषयी आपण बोलतो, ती परंपरा त्याच वेळी काही किलोमीटर अंतरावर रस्त्याने चालत असते, याची दखल अध्यापनात क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखाची प्रेरणा या विसंगतीत आहे.

पंढरीच्या वारीवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतांश लेखन भक्तिपर किंवा वर्णनपर आहे. वारीच्या एखाद्या दिवसाचा क्रम हेच इतिहासाचे साधन मानून त्याचे वाचन करण्याचा प्रयत्न तुलनेने कमी झालेला दिसतो. श्री ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळ्यातील पुणे ते सासवड हा सुमारे ३० किलोमीटरहून अधिक लांबीचा टप्पा त्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

या लेखाची उद्दिष्टे दोन आहेत : एक, या एका दिवसाच्या क्रमात कोणकोणते ऐतिहासिक निर्णय टिकून राहिले आहेत, ते पाहणे, आणि दोन, वारीतील समतेविषयी जे सर्वसाधारण विधान केले जाते, ते या क्रमाच्या कसोटीवर तपासणे. त्यासाठी उपलब्ध ग्रंथांबरोबरच प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार घेतला आहे. प्रस्तुत लेखकाने हा टप्पा एका दिंडीसोबत पायी चालून पाहिला आहे. मात्र एका दिवसाच्या निरीक्षणावरून संपूर्ण सोहळ्याविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला आहे.

पूर्वपीठिका

पंढरपूर हे तीर्थक्षेत्र ज्ञानेश्वरांच्या पूर्वीही प्रसिद्ध होते. तेथील मंदिरात होयसळ राजा सोमेश्वराचा इ. स. १२३७ चा शिलालेख आहे. 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील लेखात देवस्थानाला दान देणाऱ्यांच्या नोंदी असून त्यांत रामदेवराव यादव व हेमाद्री यांची नावे येतात. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत हे वारी करीत असत, असे परंपरा सांगते. म्हणजेच पंढरीला जाणे ही प्रथा जुनी आहे. संतांच्या पादुका पालखीत ठेवून, ठरलेल्या तिथींना, ठरलेल्या मुक्कामांवरून जाणे ही मात्र तुलनेने अलीकडची घडण आहे.

या घडणीचे दोन टप्पे सांगता येतात. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून त्या आळंदीस नेल्या आणि ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह एकत्रित पालखी पंढरपुरास नेण्याचा प्रघात पाडला. पुढे देहूकर घराण्यातील वादांमुळे या एकत्रित सोहळ्यात अडथळे निर्माण झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. त्यासाठी सामान्यतः १८३२ हे वर्ष दिले जाते. हैबतबाबा हे सातारा परिसरातील आरफळ गावचे असून ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी होते. आज आपण जो सोहळा पाहतो, त्याची शिस्त मुख्यतः त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. त्यांचे वारस आजही 'सोहळ्याचे मालक' या नावाने ओळखले जातात.

पहाट : पुण्यातून निर्गमन

पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते. पुण्यात दोन मुक्काम होतात. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तर तुकोबांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. तिथीच्या वृद्धी-क्षयाने फरक पडला नाही, तर पुणे सोडण्याचा दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. त्यामुळे सोहळ्यातील हा सर्वांत मोठा टप्पा असंख्य वारकरी उपवासाने पार पाडतात. रस्त्याच्या दुतर्फा त्या दिवशी केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की व साबुदाण्याची खिचडी यांचे वाटप चाललेले दिसते. दात्यांनाही पंचांग पाठ असते.

दिंडी पहाटेच मार्गस्थ होते. पुढे भगव्या पताका घेतलेले वारकरी, त्यामागे टाळकरी, मध्ये मृदंग, नंतर विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया, अशी तिची रचना असते. सामानाचा ट्रक व पाण्याचा टँकर पुढील मुक्कामी आधी रवाना होतो. प्रत्येक वारकऱ्याने जेवणखर्चासाठी दिंडीकडे ठरलेली भिशी भरलेली असते. अशा २७ दिंड्या रथापुढे आणि दोनशेहून अधिक दिंड्या रथामागे चालतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक निश्चित असतो व तो सहसा बदलत नाही. नवख्या माणसाला जो अफाट जनसमुदाय वाटतो, तो वस्तुतः अशा लहान लहान, परस्परांना ओळखणाऱ्या गटांचा समुच्चय आहे. कोणी मागे राहिले, तर दिंडीचा क्रमांक सांगितला की त्याला त्याच्या माणसांपर्यंत पोचविले जाते.

वाटेत म्हणावयाच्या अभंगांचाही क्रम ठरलेला असतो. मंगलाचरण, रूपाचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी व शेवटी हरिपाठ असा तो प्रवाह दिवसभर चालतो. वारांचे अभंग वेगळे व एकादशीचे वेगळे असतात. ज्यांनी कधी पोथी हाती घेतली नाही, अशा व्यक्तींनाही हा क्रम मुखोद्गत असतो. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा, असे हे साधन आहे.

पुण्यातून बाहेर पडताना पालखीचा एक विसावा वानवडी येथील शिंदे छत्रीपाशी होतो. महादजी शिंदे यांचे १७९४ मध्ये वानवडी येथे निधन झाले. छत्री हे त्यांचे स्मारक आहे. हैबतबाबांची शिंदे दरबारातील सेवा लक्षात घेतली, म्हणजे या विसाव्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पालखी सोहळ्याच्या जडणघडणीत मराठी सरदारांचा जो वाटा आहे, त्याचे स्मरण तेथील आरतीच्या निमित्ताने दरवर्षी नव्याने घडते. सहभागी वारकऱ्यांपैकी अनेकांना महादजींचा इतिहास ठाऊक नसतो. तरीही त्यांची पावले तेथे थांबतात.

हडपसर : दोन वाटा

हडपसरपर्यंत दोन्ही पालख्यांची वाट एक असते. तेथून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि ज्ञानेश्वरांची पालखी सासवड रस्त्याला लागते. वाहतुकीच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः या फाट्यावर एकोणिसाव्या शतकातील त्या फुटीचे दर्शन घडते. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वादाची कागदपत्रे फार थोडे अभ्यासक पाहतात. त्याचा परिणाम मात्र लक्षावधी माणसे दरवर्षी चालून दाखवितात.

याहून लक्षणीय बाब अशी, की पालख्या वेगळ्या झाल्या तरी 'ज्ञानोबा-तुकाराम' हे भजन वेगळे झाले नाही. दोन्ही वाटांवर तोच गजर चालतो. १६८५ ची एकत्रित वारी संस्था म्हणून मोडली. गजरात ती शिल्लक आहे. एखाद्या घटनेची स्मृती व्यवस्थेत टिकत नाही, तेव्हा ती उच्चारात टिकू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दिवेघाट

हडपसरनंतर उरुळी देवाची व वडकी येथे विसावे होतात. वडकीच्या पुढे सुमारे चार किलोमीटरची दिवेघाटाची चढण लागते. रथ ओढण्यासाठी येथे जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. खाली मस्तानी तलाव, वर झेंडेवाडीकडे वळणारा रस्ता आणि त्यावरून हलणारी पताकांची रांग हे दृश्य वृत्तपत्रांच्या छायाचित्रांमुळे सर्वपरिचित झाले आहे. छायाचित्र वरून घेतलेले असल्याने त्यात चालणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. प्रत्यक्ष घाटात मात्र दम, घाम, ओले धोतर, पायाला बांधलेली चिंधी आणि वयस्कर व्यक्तीचा हात धरून चालणारी तिची सून दिसते. चढणीवर टाळांची लय संथ होते. ती थांबत मात्र नाही.

रथाच्या पुढे चालणारे दोन अश्व हा या सोहळ्याचा आणखी एक ऐतिहासिक घटक. त्यांपैकी एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीही बसत नाही, तो माउलींचा अश्व मानला जातो. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकारांकडून येतात आणि आळंदीपर्यंतचे अंतर पायीच कापतात. पालखीच्या मुक्कामाचा तंबूही त्याच घराण्याकडून येतो. हैबतबाबांच्या विनंतीवरून ही सेवा सुरू झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्न त्यानंतर कायमच राहिला आहे. तरीही अश्वांच्या येण्यात त्यामुळे खंड पडला नाही. प्रशासकीय सीमा व सांस्कृतिक भूगोल यांतील अंतर शिकविताना यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

पायी चालण्याच्या प्रश्नाकडेही येथे वळले पाहिजे. बार्शी लाइट रेल्वेची गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास पोचली. तेव्हापासून पायी जाणे ही निरुपायाने स्वीकारलेली गोष्ट राहिली नाही. पुढे एस.टी. आली, खाजगी वाहने आली. दिंड्यांची संख्या मात्र वाढत गेली. वाहन उपलब्ध असताना चालणे हा निर्णय असतो. आधुनिक काळातील वारीचा अभ्यास या निर्णयाचा अभ्यास म्हणून व्हावयास हवा.

सासवडचा तळ : समाजआरती

सायंकाळनंतर पालखी कऱ्हाकाठच्या सासवडला पोचते. ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी येथे असल्याने या मुक्कामाला कौटुंबिक भेटीचे स्वरूप आहे. येथे दोन मुक्काम होतात आणि ज्ञानेश्वरांची पालखी सासवडला असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरीकडे प्रस्थान ठेवते.

तळावर होणारी समाजआरती हा या दिवसाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग होय. सर्व दिंड्या पालखीभोवती येऊन उभ्या राहतात. हजारो टाळांचा नाद टिपेला पोचलेला असतो. चोपदार आपला दंड उंचावतात आणि क्षणार्धात सर्वत्र शांतता पसरते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात व मालक आणि मानकऱ्यांपुढे ठेवतात. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते.

या प्रथेकडे संस्थात्मक इतिहासाच्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. येथे लेखी अर्ज नाही, पोलीस नाही, शिक्षा नाही. सगळे शांत असताना वाजणारा टाळ हाच तक्रारीचा अर्ज. दुर्बळातील दुर्बळ दिंडीचा आवाजही त्या शांततेत सर्वांना ऐकू येतो आणि तो ऐकल्याखेरीज आरती पुढे सरकत नाही. हैबतबाबा लष्करी सेवेशी संबंधित दरबारातून आले होते, हे ध्यानात घेतले तर तळ, चोपदार, क्रमांक, कूच व मुक्काम या संज्ञांमागील छावणीची शिस्त ओळखू येते. परंतु छावणीत सैनिकाने वरिष्ठांना थांबवून ठेवण्याची तरतूद नसते. ती येथे आहे. लष्करी शिस्तीचे हे भक्तीसंस्थेतील रूपांतर एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागेल.

क्रमातील अंतरे

येथवरचे विवेचन वाचून वारी हे समतेचे मूर्तिमंत रूप आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो तपासून घेतला पाहिजे. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात आपल्या वारीचा अनुभव लिहिला. त्याचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकच अभंग गाणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवणाच्या वेळी मात्र वेगळे होतात, ही गोष्ट त्यांना बोचली आणि त्यांनी ती स्पष्टपणे नोंदविली. गी देल्यूरी यांचा विठ्ठल संप्रदायावरील ग्रंथ १९६० मध्ये व दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' हे पुस्तक १९६४ मध्ये आले. या तिन्ही अभ्यासकांनी वारीबरोबर चालून लिहिले, हे त्यांच्या लेखनाचे समान वैशिष्ट्य आहे. गाण्यातील ऐक्य दुरूनही ऐकू येते. पंगतीतील अंतर मात्र जवळून चालणाऱ्यालाच दिसते.

वाटेच्या अखेरीस काय होते, तेही पाहावे लागते. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. दलित भाविकाची वाट शतकानुशतके तेथेच संपत होती. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केल्यानंतर मंदिर सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे नारायण महाराजांच्या पालखीनंतर २६२ वर्षे एकाच वाटेने चालणाऱ्यांपैकी काहींना शेवटची काही पावले नाकारली जात होती. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार रद्द करणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब जानेवारी २०१४ मध्ये झाले.

या तथ्यांमुळे वारीचे मोल कमी होते असे नाही. वारीने समतेचे तत्त्व शब्दांत जपले, आणि जेव्हा कोणी त्या तत्त्वाची आठवण करून देत उभे राहिले, तेव्हा समाजाला त्याचे म्हणणे टाळता आले नाही. साने गुरुजींनी उपोषणासाठी पंढरपूर निवडले, यामागे हेच कारण दिसते. सर्व शांत असताना वाजणाऱ्या टाळाची तळावरील प्रथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. मात्र हा टाळ कोणाला तरी वाजवावा लागतो. परंपरा आपोआप समता देत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगणे इतिहास-शिक्षकाचे कर्तव्य आहे.

खंड आणि बदल

कोविडच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षी पायी वारी होऊ शकली नाही; पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. दिवेघाटातून त्या दोन वर्षी दिंड्या गेल्या नाहीत. २०२२ मध्ये सोहळा पूर्ववत झाला, तेव्हा दिंड्या आपापल्या जुन्या क्रमांकांनी पुन्हा उभ्या राहिल्या. हा क्रम मुख्यतः माणसांच्या स्मरणात व सवयीत असल्याचा तो पुरावा होय.

दुसरा बदल रस्त्याचा आहे. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाच्या प्रकल्पाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रुंद रस्ता वारकऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि विसाव्याची झाडे, जुने पार, विहिरी व ओढे ही या वाटेची स्थळनामे आहेत. ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावयास हवी.

समारोप

एका दिवसाच्या या वाटचालीत शिंदे छत्रीचा विसावा, हडपसरचा फाटा, अंकलीचे अश्व, दिंड्यांचे क्रमांक व तळावरील समाजआरती ही पाच साधने समोर आली. त्यांपैकी प्रत्येकात एखादा ऐतिहासिक निर्णय कृतिरूपाने टिकून आहे. त्याचबरोबर पंगतीतील अंतर आणि महाद्वारापाशी थांबलेली पावले हाही याच वाटेचा इतिहास आहे. दोन्ही बाजूंची नोंद केल्याखेरीज वारीचा इतिहास पूर्ण होणार नाही.

या दृष्टीने एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. पालखी मार्गावरील व परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या हद्दीतील टप्पा वाटून घ्यावा. विसाव्याची ठिकाणे, दिंड्यांच्या परंपरा, वृद्ध वारकऱ्यांच्या आठवणी व स्त्रियांचा सहभाग यांची नोंद विद्यार्थ्यांकडून पदवीस्तरीय प्रकल्प म्हणून करून घ्यावी. ज्या विद्यार्थ्यांच्या नावापुढे आपण आषाढात गैरहजेरी मांडतो, ते या कामासाठी आपल्याहून अधिक सज्ज आहेत. त्यांना वाट ठाऊक आहे, दिंडीचा क्रमांक ठाऊक आहे आणि तळावर कोणाशी बोलावे हेही ठाऊक आहे. त्यांनी पाहिलेले लिहून काढण्याची पद्धती तेवढी आपण त्यांना द्यावयाची आहे.